तेविसावं नाव

शंतनूनं तेविसावं नाव वाचलं आणि दमयंतीच्या तोंडून 'हे नको' असं निघून गेलं. इतक्या लवकर, की अभयनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. औरंगपुऱ्यातल्या त्याच्या कचेरीत, कापडाच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर, तिघं दुपारपासून बसले होते. खालून रिक्षांचे हॉर्न सारखे वर येत होते, टेबलावर भज्यांचे कागद तेलकट होऊन पडले होते. बावीस नावांवर ते मनसोक्त भांडले होते, आणि त्या भांडणात तिला मजाही आली होती. शंतनूनं आल्या आल्या जाहीर केलं होतं, 'नान-खलिया पहिल्या पाचात नसेल तर ही यादी दुसऱ्या कुठल्या तरी शहराची आहे,' आणि मांसाहारात मी मत देत नाही, पण शहर तुझं म्हणणं मानेल, असं ती हसून म्हणाली होती. जालना रोडवरच्या गच्चीवरच्या हॉटेलासाठी अभय हट्टाला पेटला होता. बसायला जागा आहे, गाड्या लावायला जागा आहे, बाहेरगावचा माणूस खूश होतो. 'पार्किंग खायचं नसतं, अभय,' असं ती म्हणाली तेव्हा शंतनूनं टेबलावर हात आपटला होता. अभय शहरातल्या एका दैनिकाची पुरवणी काढायचा. दिवाळीआधी शहरातल्या पंचवीस उत्तम खाण्याच्या जागांची एक पुस्तिका काढायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. शंतनू अठ्ठावीस वर्षांचा, गल्लीबोळात फिरून खाण्याचे व्हिडिओ करणारा. आणि दमयंती म्हणजे मॅडम. गृहविज्ञानाची निवृत्त विभागप्रमुख, नऊ वर्षं अभयच्याच पुरवणीत पाककृतींचं सदर लिहिलेली, जिच्या मताला वजन होतं. निकष तिनंच ठरवून दिले होते: चव, स्वच्छता आणि सातत्य. सातत्याखाली तिनं दोन रेघा ओढल्या होत्या. एकदा कुणीही चांगलं रांधतो, ती म्हणाली होती, रोज तसंच रांधणं ही खरी गोष्ट.

'का नको?' शंतनूनं विचारलं. 'ऐकून तर घ्या. द्वारकाबाईंची भाकरी, उस्मानपुरा. बाहेर पाटी नाही, सहा टेबलं, रोज एकच ताट. बाई मूळच्या पाचोडच्या. सून पुढचं सगळं बघते. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची, आमटी अशी की मी व्हिडिओ करायचा विसरून गेलो, मॅडम. माझ्या आयुष्यात असं झालं नाही.'

'ती खानावळ आहे,' दमयंती म्हणाली. 'आपण खानावळी घेणार नव्हतो.'

'असं कधी ठरलं?'

'तुम्ही जेवलात का तिथं?' अभयनं मधेच विचारलं. त्याच्या आवाजात संशय नव्हता, पण तिला वाटलं, आहे.

'नाही,' ती म्हणाली. तिथं ती जेवली नव्हती हे खरंच होतं. त्या हातचं मात्र ती नऊ वर्षं जेवली होती. एका वाक्यात खरं आणि खोटं एवढं चिकटून बसू शकतं याचं तिला नवल वाटलं. अभयनं वाद मिटवला. मॅडमनी एकदा जाऊन जेवून यावं, पुढच्या बुधवारी सांगावं. 'मॅडमचं जे मत ते माझं,' तो म्हणाला. शंतनूनं खांदे उडवले आणि चोविसावं नाव वाचलं. ते कुणाचं होतं, हे तिला जिना उतरताना आठवेना.

रिक्षात बसल्यावर तिनं रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि तो दोनदा 'कहाँ बोले?' म्हणाला तेव्हा लक्षात आलं की ती उस्मानपुरा म्हणाली होती. तिचं घर सिडकोत होतं. द्वारकाबाई जिवंत आहे, एवढ्याच गोष्टीनं ती अशी का हलली होती? जिवंत असणारच. आपल्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल, म्हणजे आता पासष्टीपुढची. चौदा वर्षांत या बाईचा विचार आपण केलाच नाही असंही नव्हतं. विचार यायचा, पण नेहमी पाठमोरा. हिरव्या लुगड्याचा काष्टा, ओट्याशी वाकलेले खांदे, परातीत थपथप पडणारा हात. चेहरा यायचा नाही. द्वारकाबाई पाचोडहून आली ती नवरा गेल्यावर, लहानग्या मुलाला, शिवमला, घेऊन. दमयंतीला तेव्हा कॉलेजात सकाळचे तास असायचे, हिमांशू पाटबंधारे खात्यात, सारखा दौऱ्यावर. कुणीतरी बाई पाठवली, आणि बघता बघता घरातलं स्वयंपाकघर त्या बाईचं झालं. याचं दमयंतीला तेव्हा काही वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटलं होतं. वर्गात ती मुलींना प्रथिनं आणि उष्मांक शिकवायची, फळ्यावर ताटाची गोल आकृती काढून तिचे चार भाग करायची, आणि घरी आल्यावर तयार ताटावर बसायची. हिमांशू म्हणायचा, शिकवणारी एक आणि करणारी एक, मी दोन्हीकडून सुखी. तो आजारी पडेपर्यंत हे वाक्य विनोद होतं.

यकृताचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला. दमयंतीनं तो कागद फ्रिजवर लावला, रजा काढली, वजनकाटा आणला. आयुष्यभर शिकवलेल्या विद्येचा आता उपयोग होता. ती मोजून, गाळून, उकडून करायची आणि हिमांशू दोन घास खाऊन वाटी बाजूला सारायचा. चिडायचा नाही. चिडला असता तर तिला आवडलं असतं. मग एका सकाळी ती रजा वाढवण्याचा अर्ज द्यायला कॉलेजात गेली, प्राचार्य भेटले नाहीत, ती तासाभरात परत आली. दार उघडंच होतं. हिमांशू स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या स्टुलावर बसला होता, तीन आठवडे बिछान्यावरून न उठलेला माणूस, आणि द्वारकाबाई तव्यावरची भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवत होती. दुसऱ्या हातात आमटीची वाटी. तो खात होता. भुरके मारत होता. आणि हसत होता. काय बोलणं चाललं होतं कोण जाणे, पाचोडच्या बाजाराचं काहीतरी, कुणाचा तरी बैल सुटल्याचं. दमयंती दाराशी उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा जे वाटलं ते पथ्य मोडल्याचं नव्हतं. ते काय होतं, हे तिनं नंतर कधीच कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं द्वारकाबाईला दारातच सांगितलं, 'उद्यापासून येऊ नका. त्यांचं पथ्य आता मीच बघेन.' द्वारकाबाईनं एकदा आत पाहिलं, खोलीच्या दाराकडे. 'बरं,' म्हणाली. नऊ वर्षांनंतर एवढंच, बरं. त्यानंतर हिमांशू चार महिने होता. तिच्या हातचं खात होता, थोडं थोडं, आणि प्रत्येक वेळी वाटी खाली ठेवताना म्हणत होता, 'छान झालंय.' द्वारकाबाई का येत नाही, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. ते 'छान झालंय' ती चौदा वर्षं उलटून सुलटून पाहत होती, नाणं खोटं आहे का हे दगडावर वाजवून पाहावं तसं, आणि ते कधी एका आवाजात वाजायचं नाही.

गुरुवारी ती उस्मानपुऱ्यात गेली. कोपऱ्यावरूनच परत आली. शुक्रवारी घरातले डबे काढून पुसत बसली, ज्वारीचं पीठ आहे का पाहिलं, होतं, त्याला कीड लागली होती. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, 'आई, तू धापा का टाकतेयस?' ती म्हणाली, साफसफाई करतेय. यादीत नाव घातलं की काय होईल? काहीच नाही. पुस्तिकेत पाव पान, एक फोटो. आणि नाही घातलं तर? तेही काही नाही. मग ही घालमेल कशाची? तिच्या मनात एक साधं चित्र तयार होत होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती. ती जाईल, जेवेल, उत्तम आहे असं लिहील, पुस्तिकेत द्वारकाबाईचं नाव छापून येईल, आणि चौदा वर्षांचा हिशेब सुटेल. एवढ्या स्वस्तात? पण याहून महाग असं तिच्याजवळ होतंच काय?

शनिवारी साडेबाराला ती गेली. जागा एका औषधांच्या दुकानाशेजारी होती, शटर अर्धं वर केलेलं, आत खरंच सहा टेबलं. दवाखान्यातल्या दोन परिचारिका, क्लासेसची पोरंपोरी, बँकेतले कारकून, आणि भिंतीकडेला एक म्हातारा, ज्याच्या पुढ्यातली भाकरी आधीच आमटीत कुस्करून आणून दिलेली होती. पुढे एक तिशीची बाई ओढणी कमरेला खोचून ताटं वाढत होती. दमयंती बसली तशी ती थबकली, जवळ आली.

'तुम्ही दमयंती मॅडम ना? सदर लिहायच्या त्या? मी श्रेया. शंतनूदादाला मीच नाव दिलं होतं.' तिच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. ओल्या हातानं तिनं मोबाइल काढला, पुसला आणि पाटीचं चित्र दाखवलं. लाल अक्षरात 'द्वारकाबाईंची भाकरी', खाली चुलीचं चित्र. 'शेजारचा गाळा रिकामा होतोय, मॅडम. यादीत नाव आलं की आमचे हे वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट सोडून इथंच येतील. आईंची मेहनत लोकांना दिसंल. दहा वर्षं झाली, कुणाला नाव ठाऊक नाही.' दमयंती म्हणाली, 'आधी जेवू तर दे.' श्रेया हसली आणि लगबगीनं आत गेली.

ताट आलं. भाकरी, अंबाडीची भाजी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. दमयंतीनं पहिला घास घेतला आणि तो तपासत असल्यासारखा तोंडात फिरवला. मागची कित्येक वर्षं ती अशीच जेवत आली होती, प्रत्येक घासाला आत कुठंतरी गुण पडत. दुसऱ्या घासाला मात्र तिचा हात थांबला. आमटीचा वास. भाजलेल्या धान्याचा, खोबऱ्याचा, जरासा करपट. स्टूल, तवा, हातावर मोडून ठेवलेली भाकरी. तिला वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्याला रडू येईल. रडू आलं नाही. भूक लागली. कडकडून, लाज वाटावी अशी. ती खात सुटली. आणि मग भाजीचा घास घेतला आणि मीठ लागलं. थोडं नव्हे, चांगलंच जास्त. तिनं पुन्हा चाखून पाहिलं. खारट. आमटी बरोबर, चटणी बरोबर, भाजी खारट. तिनं आजूबाजूला पाहिलं. परिचारिका गप्पा मारत खात होत्या. पोरं खात होती. म्हातारा खात होता. कुणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. मग तिला भीती वाटली की मीठ भाजीत नाही, आपल्या जिभेत आहे. खोट काढायचीच म्हणून आलेल्या जिभेला खोट सापडणारच. निकषांच्या कागदावर ती आता काय लिहिणार होती? सातत्य, दोन रेघा.

'अर्धी भाकरी अजून देतेस का?' तिनं श्रेयाला विचारलं.

'साहेब बी अर्धीच मागायचे,' मागून आवाज आला.

द्वारकाबाई आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. केस पूर्ण पांढरे, गुडघ्यांतून वाकलेली, पण चेहरा तोच, चौदा वर्षं जो आठवत नव्हता तो. दमयंती उठू लागली. 'बसा बसा, जेवा आधी. ताटावरून उठू नये,' द्वारकाबाई म्हणाली आणि स्वतःच अर्धी भाकरी आणून वाढली. जेवण होईपर्यंत ती गेलीच नाही. गिऱ्हाईक ओसरलं, श्रेया डबे घेऊन समोरच्या दवाखान्यात गेली, तेव्हा म्हणाली, 'आत या. इथं उकडतंय, पण बसायला हाय.'

आत दोन शेगड्या, एक परात, पाटावर पिठाचा डबा. दमयंती स्टुलावर बसली आणि आपण कशावर बसलो हे तिला कळलं तेव्हा उठता येईना. काय बोलायचं याची तयारी तिनं तीन दिवस केली होती. त्यातलं काही आठवलं नाही.

'द्वारकाबाई, मी तुम्हाला तेव्हा...'

'जाऊ द्या की. तुमचं घर, तुमचा माणूस.'

'पथ्याचं कारण नव्हतं ते.'

'ठाव हाय मला,' द्वारकाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, समजूतही नव्हती. 'बाईमाणसाला कळतंय ते. मला लई वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. दोन महिने कुणाच्या घरी कामाला गेले नाय.'

दमयंतीनं मग तो प्रश्न विचारला. तो विचारायलाच आपण आलो होतो, हे तिला विचारताना कळलं. 'तुम्ही गेल्यावर ते माझ्या हातचं खायचे. छान झालंय म्हणायचे. तुम्हाला काय वाटतं, खरंच आवडत असेल? का माझ्यासाठी म्हणायचे?'

बाहेर कुणीतरी हात धुतल्याचा आवाज आला. 'मला काय ठाव, बाई,' द्वारकाबाई म्हणाली. 'मी कुठं होते तिथं? तुम्हीच होता.'

एवढंच. दमयंतीला वाटलं होतं की जगात एका माणसाजवळ तरी या प्रश्नाचं उत्तर असेल, आणि ते माणूस आपण दाराबाहेर घालवलंय म्हणून आपल्याला मिळत नाही. आता ते माणूस समोर बसलं होतं आणि त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. चार महिने ती एकटीच त्या खोलीत होती. ऐकलं ते तिनंच ऐकलं होतं. दुसऱ्या कुणाला विचारून ते खरं किंवा खोटं होणार नव्हतं.

'मी एक इचारू?' द्वारकाबाई पुढे सरकली. तिनं एकदा दाराकडे पाहिलं. 'खरं सांगाल? भाजीत मीठ कसं झालंय?'

छान झालंय, हे शब्द दमयंतीच्या जिभेवर तयार होते. दयेचे, क्षमा मागण्याचे, फिटंफाटीचे. 'जास्त आहे,' ती म्हणाली. 'बरंच जास्त.'

द्वारकाबाईनं डोळे मिटले आणि मान हलवली. 'बघा. तुम्हीच सांगितलं. बाकी समदे छान छान करतेत. मायेची लोकं, काय बोलणार?' मग ती हळू आवाजात म्हणाली, 'मला चव कळंना बाई. मागल्या दिवाळीत ताप आला, तवापासून. गोड कळतं थोडं. मीठ नाय कळत, तिखट नाय. हाताच्या अंदाजानं घालते. येसर माझा हात विसरत नाय. पर भाजीला कधी दोनदा मीठ पडतं, कधी पडतच नाय.'

'श्रेयाला सांगितलं नाही?'

'तिला सांगितलं तर ती मला चुलीपासून उठवील. मायेनंच उठवील, पर उठवील. मग मी काय करू? बसून भिताड बघू? तिला समदं शिकवायलेय मी. येसर शिकवला, भाकरी जमती आता. वर्षभरात ती माझ्यासारखं करील, मग मी आपणच उठते.' तिनं दमयंतीच्या मनगटाला हात लावला. नऊ वर्षांत तिनं असा हात कधी लावला नव्हता. 'त्या यादीत माझं नाव घालू नका, बाई. ही रोजची माणसं हायेत, चालवून घेतेत. तुमची यादी वाचून येणारी लोकं चव घ्यायला येणार. एका खारट भाजीचा फोटो पडला की पोरीची पाटी लागायच्या आधी उतरंल. एक वरीस. पुढल्या खेपंला घाला, तिच्या नावानं घाला. आन् तिला हे सांगू नका. मला शब्द द्या.'

बाहेर श्रेयाच्या चपलांचा आवाज आला. 'देते,' दमयंती म्हणाली.

श्रेया रिक्षापर्यंत सोडायला आली. 'मॅडम, आई काय म्हणल्या? त्यांचं ऐकू नका बरं का. त्यांना कुठलंच नवीन काही नको असतं. भितात. मी म्हणते, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या घरी रांधलं, आता तुमचं नाव भिंतीवर पाहिजे.' तिनं हे इतक्या मनापासून म्हटलं की दमयंतीला तिच्याकडे बघवेना. 'होईल ना, मॅडम?' दमयंतीनं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि रिक्षात बसली. थोपटणं म्हणजे हो की नाही, हे त्या मुलीनं तिच्या परीनं ठरवलं असणार.

पुढचे चार दिवस ती घरात बसली नाही. बँकेत गेली, काम नव्हतं. बागेत जाऊन एका बाकावरून दुसऱ्या बाकावर बसली. एका बाईचा शब्द पाळायचा तर दुसरीचं स्वप्न मोडायचं. पुन्हा एका स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती आणि पुन्हा तिच्या एका वाक्यावर आतलं काहीतरी ठरणार होतं. द्वारकाबाईचं खरं होतं. पण श्रेयाचं खोटं होतं का? गाळा वर्षभर रिकामा राहणार नव्हता. कदाचित सांगून टाकणंच बरोबर असेल. एक सासू, एक सून, समोरासमोर बसून रडतील आणि मार्ग काढतील. पण ते सांगणं तिचं नव्हतं. जे आपलं नाही ते उचलून बाहेर टाकायचं, हे तिनं एकदा केलेलं होतं.

बुधवारी औरंगपुऱ्यात अभयनं चहा मागवला. चोवीस नावं पक्की झाली होती, एक जागा उरली होती.

'जेवून आलात?' शंतनू उतावीळ होता. 'सांगा आता. आमटी कशी होती?'

'आमटी उत्तम होती,' दमयंती म्हणाली. 'पण माझं मत तेच आहे. यंदा नको.'

'का?'

'सातत्य नाही.'

'एकदा जेवून सातत्य कसं कळलं, मॅडम?' शंतनूचा चेहरा लाल झाला होता. 'मी पाच वेळा जेवलोय. तुम्ही जायच्या आधीच नको म्हणाला होतात. काही वैयक्तिक आहे का?'

अभय म्हणाला, 'शंतनू, जरा...'

'विचारू दे त्याला,' दमयंती म्हणाली. 'आहे. मी त्या बाईंना ओळखते. तरीही माझं मत हेच आहे.' आणि हे म्हणताना तिला आत, फार खोल, एक जुनं समाधान हलल्यासारखं वाटलं. दारातून आत नजर टाकून 'बरं' म्हणणारी बाई परत एकदा बाहेर गेल्याचं समाधान. ती दचकली. चांगल्या कारणासाठी केलेल्या गोष्टीत ते कुठून आलं? का ते तिथंच होतं आणि कारणच वरून घातलेलं होतं? पंचविसाव्या जागी जालना रोडवरचं गच्चीवरचं हॉटेल गेलं. शंतनूनं तिला नमस्कार केला नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी पुस्तिका आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला.

'मॅडम, मी श्रेया. उस्मानपुरा.'

'बोल.'

'पुस्तक पाहिलं. शंतनूदादानं सांगितलं, तुम्ही नको म्हणालात.' आवाज थरथरत होता, पण तिनं तो धरून ठेवला होता. 'आईंना विचारलं तर त्या काहीच बोलंनात, भाकरी थापत बसल्या. मग शेजारच्या सरूबाईंनी सांगितलं, तुम्ही आईंना पूर्वी कामावरून काढलं होतं म्हणून. मला कुणी सांगितलंच नव्हतं. खरंय का हे?'

'खरं आहे.'

'का काढलं होतं?'

'माझ्या नवऱ्याला त्यांच्या हातचं आवडायचं म्हणून,' दमयंती म्हणाली. हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं, आणि ते इतकं लहान निघालं की तिला वाटलं, अजून काही राहिलंय. काही राहिलं नव्हतं.

पलीकडून ताटांचा आवाज येत होता, आणि त्यामागे थपथप, थपथप. बहुतेक परात जवळच असावी. द्वारकाबाई ऐकत असावी.

'आणि आता?' श्रेयानं विचारलं. 'आता आमचं नाव का काढलं?'

एक वाक्य पुरेसं होतं. ते तिच्या तोंडात होतं, त्याला वजन होतं, ते बोललं की ती मोकळी झाली असती. ती मुलगी कदाचित ओशाळून माफी मागती झाली असती. थपथप थांबली होती.

'आताही तसंच समज,' दमयंती म्हणाली.

'एवढी शिकलेली बाई,' श्रेया म्हणाली. 'तुम्हाला लाज वाटत नाही?'

'वाटते.'

फोन बंद झाला. आपण चांगलं वागलो की वाईट, हे दमयंतीला कळलं नाही, आणि ते सांगू शकेल असं माणूस नव्हतं. द्वारकाबाई फोन करणार नव्हती, केला तर तो श्रेयाला दिसला असता. उस्मानपुऱ्यात आता तिला वर्षभर जाता येणार नव्हतं, आणि पुढेही ती मुलगी तिला ताट वाढेल याचा भरवसा नव्हता. तिनं दोन खोल्यांतून एक फेरी मारली, मग दुसरी. खिडकी उघडली, बंद केली. तिला भूक लागली होती, सकाळी दहाची, वेळी-अवेळीची, कुणाच्याही आवडीनिवडीशी संबंध नसलेली भूक. ती स्वयंपाकघरात गेली आणि गॅस पेटवून तवा ठेवला. काय करायचं ते अजून ठरलं नव्हतं. तवा तापत गेला.